रिपोर्ट नॉर्मल, तरी डिस्चार्ज का नाही?

प्रश्न : आईच्या हृदयाची झडप बदलली आहे. रागाच्या भरात तिने वॉरफॅरिनच्या बऱ्याच गोळ्या घेतल्या. आयएनआर नॉर्मल आला, तरी डॉक्टर घरी सोडत नाहीत. का?

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर आहे. वॉरफॅरिन यकृतात गोठण-घटक नव्याने तयार होऊ देत नाही. रक्तात आधीच असलेले घटक संपायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशीचा रिपोर्ट म्हणूनच फसवा. रक्त किती वेळात गोठतं हे दाखवणारा आयएनआर पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. उतारा व्हिटॅमिन के, पण कृत्रिम झडप असताना तो जास्त झाला तर झडपेवरच गुठळी होऊ शकते. हा तोल रुग्णालयातच सांभाळता येतो. घरी उलटी काढणं, मिठाचं पाणी पाजणं नकोच.

पोलिसांच्या भीतीने गोळ्यांचा आकडा लपवू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं.

मानसोपचारतज्ज्ञांना भेटल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका. पुढे गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, आठवड्यापुरत्याच आणा. बंद मात्र करू नका. आणि तिला जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचारा; विचारल्याने तो विचार मनात येत नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.