अपघाती मृत्यू आणि वारसांचा हक्क : नेहमी पडणारे काही प्रश्न

घरातील कर्ता माणूस अपघातात गेला की त्या कुटुंबावर आभाळ कोसळते. अंत्यविधी, पाहुणे, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, घरभाडे, मुलांची फी हे सारे एकाच वेळी दारात उभे राहते. अशा वेळी कायद्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही, आणि आलाच तर "गेलेल्या माणसाचे पैसे कसले मागायचे?" असे म्हणून तो बाजूला सारला जातो. आम्ही वकील नव्हे. बँकेत नोकरी करणारे साधे कारकून आहोत. परंतु मृत्यूनंतरचे कागद घेऊन येणारी माणसे आमच्या काउंटरवर नेहमीच येतात, आणि त्यांचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात. समाजातील सभासदांना व विशेषतः विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या प्रश्नांची मांडणी येथे करीत आहोत.

प्रथम एक गोष्ट मनात पक्की करावी. नुकसानभरपाई ही भीक नव्हे आणि गेलेल्या जिवाची किंमतही नव्हे. त्या माणसाच्या कमाईवर जी माणसे जगत होती, त्यांचा आधार दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे गेला. तो आधार काही अंशी परत मिळावा, म्हणून कायद्याने दिलेला हा हक्क आहे.

१. सरकारने मदत दिली, आता दावा करता येतो काय?

आपल्या नाशिकचेच उदाहरण घेऊ. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) रस्त्यावर मिरची हॉटेल चौकात यवतमाळहून मुंबईकडे निघालेल्या खाजगी बसचा अपघात झाला, बसने पेट घेतला आणि १२ जण मृत्युमुखी पडले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख रुपये जाहीर केले. ही झाली सानुग्रह मदत. सरकार ती आपखुशीने देते. ती घेतल्याने वाहनमालक व विमा कंपनीविरुद्धचा दावा संपत नाही.

परंतु ५ लाखांचा आणखी एक आकडा आहे, आणि तेथे सावध राहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ यात २०१९ साली दुरुस्ती झाली. नुकसानभरपाईची नवी कलमे १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्यातील कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख रुपये मिळतात. मात्र विमा कंपनीशी रीतसर तडजोड करून ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपुष्टात येतो. रक्कम तीच, पण एक घेतल्याने वाट उघडी राहते आणि दुसरी घेतल्याने बंद होते. म्हणून कोणीही "सही करा, चेक घ्या" म्हटले तर हा पैसा कोण देत आहे व कोणत्या कलमाखाली देत आहे, हे आधी विचारावे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये.

२. दावा कोठे करायचा?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर. अपघात जेथे झाला तेथे, वारस जेथे राहतात तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. म्हणजे नाशिकमध्ये मरण पावलेल्या प्रवाशाच्या यवतमाळच्या आईने प्रत्येक तारखेला नाशिकला येण्याची गरज नाही. तिला आपल्या जिल्ह्यातच दावा लावता येतो.

३. मुदत किती?

जुनी जाणती मंडळी सांगतात की या दाव्याला मुदत नसते. त्यांचे म्हणणे एके काळी खरे होते. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढून टाकली होती. पण १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आहे. या अटीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली आहे. तरी तेथे काय होईल या भरवशावर कोणी थांबू नये. सहा महिने उलटून गेले असतील तरीही घरी बसून न राहता वकिलाला भेटावे.

नव्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांच्या आत प्रथम अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. तो गेला की नाही, हे तपास अधिकाऱ्यांकडे विचारण्यात संकोच बाळगू नये.

४. वारस कोण? सासू-सुनेचे पटत नसेल तर?

पत्नी, पती, मुले, आईवडील हे तर आलेच. विवाहित मुलगी "परक्या घरची" म्हणून कायद्याने तिला वगळलेले नाही. जावयाच्या घरी राहणाऱ्या सासूलाही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायदेशीर प्रतिनिधी मानले आहे. विधवेने पुनर्विवाह केला म्हणून तिचा हक्क जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. सर्व वारसांची नावे अर्जात असावीत. कोणाला किती वाटा द्यायचा हे न्यायाधिकरण ठरवते. पासबुकावर वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, यावर तो वाटा ठरत नाही. आपसात भांडून मुदत घालवण्यापेक्षा एकत्र अर्ज करावा.

५. चूक कोणाची हे आम्ही कसे सिद्ध करणार?

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा हे वेगळे आहेत. चालकाला शिक्षा होण्यासाठी निःसंशय पुरावा लागतो. भरपाईसाठी, घटना अशी घडली असण्याचा संभव अधिक आहे, एवढे दाखविणे पुरते. म्हणून चालक फौजदारी न्यायालयातून सुटला तरी दावा आपोआप पडत नाही.

दोन वाहनांची टक्कर होऊन प्रवासी गेला असेल, तर बसवाल्याची चूक किती व ट्रकवाल्याची किती याचा हिशेब प्रवाशाच्या घरच्यांनी मांडावा लागत नाही. दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे. मृताची स्वतःची काही चूक ठरली तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते. मात्र मोटारसायकलवर तिघे बसले होते एवढ्यावरूनच मागे बसलेल्याची चूक ठरत नाही. त्यामुळेच अपघात झाला हे दाखवावे लागते.

धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही तर कलम १६१ खाली मृत्यूबद्दल २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी अपघात झाला त्या भागातील प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात अर्ज करावा लागतो.

६. रक्कम कशी ठरते?

सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी हिशेबाची पद्धत घालून दिली आहे. विद्यार्थ्यांनी पुढील उदाहरण वहीत उतरवून घ्यावे.

समजा ३४ वर्षांचा, स्वतःचा धंदा करणारा वायरमन महिना १२,००० रुपये मिळवीत होता. मागे पत्नी, दोन मुले व आई.
(अ) मासिक उत्पन्न १२,०००. पुढे वाढणाऱ्या कमाईबद्दल ४० टक्के मिळवून १६,८००.
(आ) त्याचा स्वतःवरचा खर्च, अवलंबून चार माणसे असल्याने एक चतुर्थांश, वजा जाता १२,६००.
(इ) वर्षाचे १,५१,२००.
(ई) ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६. एकूण २४,१९,२०० रुपये.

गुणक वयाप्रमाणे बदलतो. २५ वर्षांपर्यंत १८, ३६ ते ४० ला १५, ४६ ते ५० ला १३, ५६ ते ६० ला ९. भविष्यातील वाढीचा टक्काही वयावर व नोकरीच्या प्रकारावर अवलंबून असतो. चाळिशीच्या आतील कायम नोकरदाराला तो ५० टक्के धरतात. अविवाहित मृताच्या बाबतीत स्वतःचा खर्च निम्मा धरतात. याशिवाय अंत्यविधीचा खर्च, मालमत्तेची हानी व सहवासाची हानी यांसाठी ठरलेल्या रकमा मिळतात. २०१७ मध्ये त्या अनुक्रमे १५,०००, १५,००० व ४०,००० होत्या, आणि दर तीन वर्षांनी त्यांत १० टक्के वाढ सांगितली आहे. अर्ज केल्या तारखेपासून व्याजही मिळू शकते.

आता वर विचारलेल्या ५ लाखांच्या चेककडे पुन्हा पाहावे. वायरमनच्या पत्नीने तो घाईत घेतला तर ती काय गमावून बसेल, हे या बेरजेवरून कळते.

७. पगाराची चिठ्ठीच नाही, मग?

आपल्यातील पुष्कळ माणसे नाक्यावर, बांधकामावर, भाजीच्या गाड्यावर राबतात. त्यांच्याकडे कसली वेतनचिठ्ठी? रोजंदार मजूर किंवा भाजीविक्रेता यांच्याकडून लेखी पुराव्याचा हट्ट धरू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले आहे. तरी मुकादमाची साक्ष, पासबुकातील नोंदी, बचतगटाचे पुस्तक, परवाना जे मिळेल ते जोडावे. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या कामालाही मोल आहे. २०२१ च्या एका निकालात गृहिणीचे उत्पन्न गृहीत धरून त्यात भविष्यातील वाढही मिळवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. "ती काही कमवत नव्हती" असे अर्जात कोणी लिहू नये.

८. विमा मिळाला, तो भरपाईतून वजा होतो काय?

आयुर्विम्याचा हप्ता मृताने स्वतः भरलेला असतो. हेलन रिबेलो विरुद्ध महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ या आपल्या राज्यातून गेलेल्या दाव्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही.

९. पैसे हाती कसे येतात?

हा आमच्या रोजच्या कामातला भाग आहे. अज्ञान मुलांचा वाटा न्यायाधिकरण राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगते. अशिक्षित वारसांच्या बाबतीतही पुष्कळदा तसेच होते. या ठेवीवर कर्ज मिळत नाही, आणि न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय ती मोडता येत नाही. व्याज मात्र दरमहा बचत खात्यात घेता येते. बँक अडवते म्हणून पुष्कळजण आमच्यावर रागावतात. पण ही अट त्या मुलांच्या रक्षणासाठी आहे. शिक्षण, आजार, घर अशा खऱ्या गरजेसाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज केल्यास परवानगी मिळू शकते.

वारस स्त्रीचे खाते तिच्या एकटीच्या नावे असावे. पासबुक, ए.टी.एम. कार्ड व चेकबुक तिच्याच ताब्यात असावे. दीर, भाऊ किंवा मध्यस्थ यांच्याबरोबर संयुक्त खाते उघडण्याचा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नकार द्यावा.

१०. वकिलाची फी कोठून आणायची?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया, मुले, औद्योगिक कामगार तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. या वर्गांना उत्पन्नाची अट नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही ही मान्यता मिळालेली आहे, म्हणून जातीचा दाखला जपून ठेवावा. नाशिकच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. लोकअदालतीत तडजोड केली तर निकाल लवकर लागतो. पण तेथील निवाड्यावर अपील नाही, म्हणून आकड्याचा हिशेब आधी घरी मांडूनच तेथे बसावे.

११. अपघात रस्त्यावरचा नसेल तर?

तर दार निराळे. रेल्वे अपघातासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. मृत्यूबद्दल ८ लाख रुपये मिळतात व मुदत एक वर्षाची आहे. कामावर असताना मृत्यू आल्यास, त्यासाठी असलेला १९२३ चा जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गटार किंवा मैल्याच्या टाकीत उतरवलेल्या माणसाचा मृत्यू झाला तर वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे. रुग्णालयाच्या हलगर्जीपणाबद्दल ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते.

जपावयाचे कागद

एफ.आय.आर.ची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वाहनाचे नोंदणीपुस्तक, विमापत्र व चालकाचा परवाना यांच्या प्रती, मृताच्या वयाचा व उत्पन्नाचा पुरावा, रेशनकार्ड, वारसांची ओळखपत्रे व पासबुक. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढून मूळ प्रती घरीच ठेवाव्यात.

वस्तीत असा प्रसंग आला की आपण सारे जमतो, खांदा देतो, वर्गणी काढतो. हे चांगलेच आहे. त्यापुढे एक पाऊल टाकावे. शिकलेल्या एका मुलाने किंवा मुलीने त्या घरची एक फाईल करून द्यावी, अपघाताची तारीख व सहा महिन्यांची शेवटची तारीख तिच्यावर ठळक लिहावी, आणि घरातील बाईंना पहिल्या वेळी वकिलाकडे सोबत घेऊन जावे. त्यासाठी पदवी लागत नाही. थोडा वेळ आणि नीट वाचण्याची सवय लागते. संस्थेच्या विद्यार्थ्यांनी एवढे काम अंगावर घेतले, तर आपल्या वस्तीतील एखाद्या मुलाची शाळा बापाच्या मृत्यूनंतरही सुटणार नाही.