जपानी रंगभूमीवरील कामाची वाटणी

जपानी रंगभूमी म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांना काबुकीतील रंगवलेले चेहरे तेवढे आठवतात. परंतु 'नो' आणि 'बुनराकु' हे तेथील दोन नाट्यप्रकारही अभ्यासण्याजोगे आहेत. विशेषतः त्यांतील कामाच्या वाटणीने मला विचार करायला लावले.

नो नाटकाला चौदाव्या शतकात कानआमी आणि त्यांचे पुत्र झेआमी यांनी आकार दिला. त्यातील प्रमुख नट म्हणजे 'शिते'. देवता, स्त्री, मृतात्मा अशा भूमिका तो बहुधा मुखवटा घालून करतो. त्याच्यासमोरचा 'वाकी' मुखवटा घालत नाही. पुष्कळदा तो प्रवासी भिक्षू असतो. तो प्रश्न विचारतो आणि शितेची कथा उलगडत जाते. पुढे तो आपल्या खांबापाशी स्तब्ध बसून राहतो. वाकीची परंपरा स्वतंत्र आहे. वाकी म्हणून तयार झालेला नट शितेची भूमिका करीत नाही.

रंगमंचाच्या मागील बाजूस 'कोउकेन' बसलेला असतो. शितेचा पोशाख सावरणे, हातात वस्तू देणे ही त्याची कामे. वरवर पाहता हा मदतनीस वाटेल. परंतु प्रयोगाच्या मध्येच शितेला पुढे काम करणे अशक्य झाले, तर ती भूमिका कोउकेनने पुरी करायची असते. म्हणजे ज्याच्या तोंडी एकही वाक्य नाही, त्याला सारे नाटक पाठ हवे!

बुनराकु हा बाहुल्यांचा खेळ. सर्व पात्रांचे संवाद 'तायू' हा निवेदक एकटाच म्हणतो आणि त्याला शामिसेन या तंतुवाद्याची साथ असते. १७३४ पासून एक बाहुली तीन माणसांनी हलविण्याची पद्धत रूढ झाली. प्रमुख कलावंत डोके व उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात आणि तिसरा पाय. स्त्री-बाहुलीला बहुधा पायच नसतात. तेव्हा वस्त्राचा घोळ हलवून चालण्याचा भास निर्माण करावा लागतो. शिकाऊ कलावंताची सुरुवात पायांपासून होते. पाय दहा वर्षे, डावा हात दहा वर्षे, असे परंपरेने मानले जाते. तोवर अंगावर काळे कपडे आणि तोंडावर काळा बुरखा!

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. म्हणून पुढील गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जपानच्या राष्ट्रीय नाट्यगृहाने १९७२ मध्ये बुनराकुचे प्रशिक्षणवर्ग सुरू केले आणि ज्यांच्या घरात ही कला नव्हती अशा तरुणांनाही तिचे दार उघडले. त्यांतून तयार झालेले अनेक कलावंत पुढे रंगमंचावर आले. मात्र दार उघडले म्हणून पायांची वर्षे कमी झाली नाहीत. परंपरा टिकवायची तर या दोन्ही गोष्टी हव्यात, असे मला वाटते. नवख्याला आत येऊ द्यावे, आणि आत आलेल्याने कोणतेही काम खालचे मानू नये.