यंत्र आणि हेतू : खानदेशातील विजेचा विचार

हवामानबदल आणि वीज हा विषय विज्ञानशाखेचा, असे आपण कलाशाखेचे विद्यार्थी सहज म्हणून जातो. पण वीज कोणासाठी आणि कोणत्या वेळी, हा प्रश्न अर्थशास्त्राचा व समाजशास्त्राचाही आहे. त्याच्या अभ्यासासाठी दूर जाण्याचे कारण नाही. खानदेशात वीज कोळसा, वारा व ऊन या तिन्हींपासून तयार होते.

प्रथम थोडे गणित करू. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ०.७४६ किलोवॅट. विहिरीवरचा ५ अश्वशक्तीचा पंप सहा तास चालला, तर त्याला सुमारे २२ युनिट वीज लागते. कोळशाच्या एका युनिटमागे अदमासे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका पंपाचा दिवसाचा हिशोब २२ किलोंचा झाला. हाच वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, आणि पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्या आपल्या केळीबागांना उष्णता आणखी वाढणे परवडणारे नाही.

यावर तंत्रज्ञानाने काही उपाय दिले आहेत. भुसावळजवळ दीपनगर येथील ६६० मेगावॅटचा संच ‘सुपरक्रिटिकल’ पद्धतीचा आहे. अतिउच्च दाब व तापमानामुळे त्यात तितक्याच विजेला कोळसा कमी लागतो. परंतु कोळसा लागतोच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या परिसरातील पवनचक्क्यांना कोळसा लागत नाही, पण त्यांचा खरा बहर पावसाळ्यातील वाऱ्याचा. त्याच तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ साली महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. मात्र ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, हा समज बरोबर नाही. सौरपट्टी २५ अंशांच्या वर तापली की दर अंशाला तिची शक्ती साधारण ०.४ टक्क्याने घटते. पट्टी ६० अंशांवर गेली, तर सुमारे १४ टक्के घट होते.

सारांश, कोणतेही एक यंत्र सर्व गरजा भागवीत नाही. म्हणून गरज आधी पाहावी व यंत्र मागून निवडावे. शेतीच्या पंपाचेच उदाहरण घ्या. पाळीची वीज रात्री आली की शेतकऱ्याला अंधारात, विंचूकाट्याच्या भयात पाणी भरावे लागते. पिकाला पाणी रात्रीच हवे असते असे नाही. पंपांची मोठी गरज रब्बी व उन्हाळी हंगामात असते आणि तेव्हाच ऊन भरपूर असते. शिवाय वीज साठवण्यापेक्षा शेततळ्यात पाणी साठवणे सोपे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, ती याच विचारावर : गावाजवळ सौर वीज तयार करावी आणि शेतीच्या वाहिनीला ती दिवसा द्यावी. येथे यंत्राला हेतू सापडला.

तथापि दोन गोष्टी विसरता येणार नाहीत. पहिली पाण्याची. रावेर-यावल पट्ट्यात भूजलाचा उपसा आधीच भारी आहे. दिवसभर फुकटचे ऊन मिळाले म्हणून पंप चालूच ठेवला, तर हवा वाचेल आणि विहीर आटेल. म्हणून सौरपंपाच्या जोडीला ठिबक सिंचन हवेच. दुसरी गोष्ट जमिनीची. सौर प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळावा, यासाठी धुळे जिल्ह्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील झगडत होते. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले व त्यातच त्यांचा अंत झाला. उन्हाची वीज धूर सोडत नाही हे खरे. पण तिच्यासाठी जमीन देणाऱ्याला न्याय मिळाला नाही, तर तिला स्वच्छ तरी कसे म्हणावे?

विजेचे यंत्र अभियंता उभारील. त्याचा हेतू मात्र समाजाने ठरवायचा असतो. तो ठरविताना प्रश्न विचारणारी माणसे लागतात, आणि ती आपल्या वर्गांतूनच तयार व्हावयाची आहेत.