शीतखोलीतील डिजिटल तापमापक : आकड्यावर विश्वास केव्हा ठेवावा?

द्राक्षाचा घड वेलीवरून उतरला की त्याचे पुढचे आयुष्य मुख्यतः तापमानावर अवलंबून असते. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांतील अनेक बागायतदार व त्यांच्या संस्था पूर्वशीतकरण करून माल शीतखोलीत ठेवतात. द्राक्षासाठी शीतखोलीचे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे उणे ०.५ ते ० अंश, आणि हवेतील आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवावी लागते. तापमान सुमारे उणे २ अंशांपर्यंत उतरल्यास घडाचे देठ गोठण्याचा धोका असतो. तापमान वर-खाली होत राहिल्यास पेटीत पाणी सुटते, गंधकाच्या कागदातून वायू एकदम जास्त बाहेर पडतो आणि मणी पांढरे पडतात. सुरक्षित पट्टा एवढा अरुंद आहे.

पूर्वी खोलीत पाऱ्याचा किंवा अल्कोहोलचा तापमापक टांगलेला असे व राखणदार वहीत नोंद करीत असे. आता त्या जागी बोटाएवढी पोलादी नळी असते. तिच्यात तापमान मोजणारी लहानशी चिप असते व तिची वायर एका छोट्या संगणकाला जोडलेली असते. पडद्यावर आकडा दिसतो, मोबाईलवर सूचना येते. सोय मोठी आहे. परंतु पडद्यावर आकडा दिसणे वेगळे आणि खोलीचे तापमान समजणे वेगळे. या दोहोंमध्ये 'ड्रायव्हर' नावाची एक आज्ञावली असते. तिच्याविषयी थोडी माहिती असल्यास कोणता आकडा खरा व कोणता खोटा, हे बागायतदाराला स्वतः ओळखता येते.

चिप काय सांगते?

शीतखोल्यांत सर्रास आढळणारी चिप म्हणजे डीएस१८बी२०. ती मूळ डॅलस सेमीकंडक्टर या कंपनीची. ही कंपनी २००१ मध्ये मॅक्झिमने घेतली आणि मॅक्झिम २०२१ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसमध्ये विलीन झाली. ही चिप उणे ५५ ते १२५ अंशांपर्यंत मोजते. उणे १० ते ८५ अंशांच्या दरम्यान तिची चूक अर्ध्या अंशाहून जास्त नसते, असे उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिलेले आहे. प्रत्येक चिपला कारखान्यातच स्वतंत्र क्रमांक मिळालेला असतो. त्यामुळे एकाच वायरवर अनेक चिपा जोडता येतात व कोणता आकडा कोणत्या कोपऱ्यातील हे कळते.

ही चिप 'चार अंश' असे सांगत नाही. ती नुसता एक पूर्णांक देते. त्याला १६ ने भागले की अंश मिळतात. उदाहरणार्थ, चिपने ६५ दिले तर ६५ भागिले १६ म्हणजे ४.०६२५ अंश. एवढे बारीक मोजण्यास तिला पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो. त्याआधीच आकडा मागितला तर जुनाच आकडा हाती येतो.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या

बाजारात कन्नड बोलणारा व्यापारी व मराठी बोलणारा शेतकरी यांच्यात भाव ठरायचा तर मध्ये दुभाष्या लागतो. दुभाष्याने 'सोळा' चे 'एक' सांगितले तर दोघेही प्रामाणिक असून व्यवहार बुडतो. चिपची भाषा संगणकाच्या कार्यप्रणालीला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमला, समजावून देणारा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर.

लिनक्स या कार्यप्रणालीत डीएस१८बी२० साठी 'डब्ल्यू१ थर्म' नावाचा ड्रायव्हर आहे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सेटिंगमध्ये 'वन वायर' ही सोय आधी सुरू करावी लागते. त्यानंतर जोडलेली प्रत्येक चिप २८ या आकड्याने सुरू होणाऱ्या नावाच्या फोल्डरमध्ये दिसते. त्यातील फाइल उघडली की दोन ओळी दिसतात. पहिल्या ओळीत चिपकडून आलेले नऊ कच्चे आकडे व शेवटी 'येस' किंवा 'नो' असते. दुसऱ्या ओळीच्या शेवटी 'टी=४०६२' असा मजकूर असतो. हा अंशाचा हजारावा भाग आहे, म्हणजे ४०६२ चा अर्थ ४.०६२ अंश.

'येस' याचा अर्थ वायरवरून येताना आकड्यांची मोडतोड झाली नाही, एवढाच. तापमान खरे आहे असा त्याचा अर्थ नाही. हा फरक नीट लक्षात ठेवावा. पुढील सर्व गोष्टी यावरच अवलंबून आहेत.

चिप एक, ड्रायव्हर दुसरा

एलएम७५ ही नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीची जुनी व लोकप्रिय चिप. ही कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. मूळ एलएम७५ मध्ये स्वतःची ओळख सांगणारा क्रमांक नाही. त्यामुळे समोर कोणती चिप आहे हे संगणकाला खात्रीने ओळखता येत नाही. ते आपण नेमून द्यावे लागते.

याच घराण्यातील एलएम७७ ही चिप नावाने जवळची, पण तिची आकडे मांडण्याची पद्धत निराळी आहे. लिनक्समधील एलएम७५ चा ड्रायव्हर या चिपलाही चालतो, असे बराच काळ सांगितले जात होते. पुढे ती चूक असल्याचे लिनक्सच्या कागदपत्रांतच मान्य करण्यात आले आणि एलएम७७ साठी स्वतंत्र ड्रायव्हर आला. ही चूक किती मोठी ठरू शकते याचा हिशेब करून पाहावा. खोलीचे तापमान १६ अंश असताना एलएम७७ जो आकडा देते, तो एलएम७५ च्या रीतीने वाचला तर १ अंश निघतो. खोली उबदार, माल खराब होत आहे आणि पडद्यावर मात्र थंडगार १ अंश! यात चिपचा दोष नाही, वायरचाही नाही. दुभाष्या चुकीचा निवडला गेला आहे.

खोटे आकडे कसे ओळखावेत?

डीएस१८बी२० वापरताना पुढील चार आकडे दिसल्यास सावध व्हावे.

१) ८५ अंश : चिपला वीज मिळताच तिच्यात ८५ हा आकडा आधीच भरलेला असतो. पहिले मोजमाप पूर्ण होईपर्यंत तोच मिळतो. विजेचा दाब उतरला, जनरेटर सुरू होताना क्षणभर खंड पडला किंवा जोड ढिला असला की ८५ येतो, आणि तोही 'येस' सह येतो. लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांतील ड्रायव्हरमध्ये असा ८५ चूक म्हणून नाकारण्याची सोय आहे, पण ती आपण सुरू करावी लागते.

२) १२७.९४ अंश : मोजमाप करताना चिपला वीज अपुरी पडल्याचे हे लक्षण आहे. लहान नियंत्रक पेट्यांतील काही आज्ञावल्या चिपशी संबंध तुटल्यास उणे १२७ असा आकडा दाखवतात. दोन्ही आकड्यांचा खोलीच्या तापमानाशी काही संबंध नाही.

३) ४०९५ च्या आसपासचा आकडा : शून्याखालचे तापमान चिप वेगळ्या खुणेने लिहिते. ही खूण न जाणणारी आज्ञावली उणे ०.५ अंशाचे ४०९५.५ करते. उन्हाळ्यात, उघड्या हवेत चाचणी घेतली तर हा दोष कधीच दिसत नाही. द्राक्षाच्या खोलीत तो नेमका हंगामात उघडा पडतो.

४) शून्य अंश : द्राक्षाच्या शीतखोलीत सर्वांत घातक खोटा आकडा हाच. वायर आतल्या आत चिकटून शॉर्ट झाली तर नऊच्या नऊ कच्चे आकडे शून्य येतात. गंमत अशी की सर्व शून्यांची पडताळणी हिशेबाने बरोबरच निघते. म्हणून एखादी आज्ञावली त्याला खरे तापमान समजू शकते. पडद्यावर आपल्याला हवे असलेलेच शून्य दिसते व कोणाला शंकाही येत नाही. खऱ्या शून्य अंशाला पहिले दोन कच्चे आकडे शून्य असतात, पण नऊच्या नऊ कधीच शून्य नसतात. शिवाय चालू खोलीत तापमान थोडेफार हलतेच. तासन्‌तास ०.००० दिसत असेल तर प्रथम वायर तपासावी.

नुकसान दोन्ही बाजूंनी

समजा, खोलीत चार चिपा आहेत. तीन चिपा ०.५ अंश दाखवतात व चौथी ८५. सरासरी निघते २१.६ अंश. नियंत्रकाला खोली तापली आहे असे वाटते व तो कॉम्प्रेसर बंदच करीत नाही. खोली उणे २ च्या खाली जाऊन देठ गोठतात.

उलट बाजूही तेवढीच वाईट. काही आज्ञावल्या चुकीचा आकडा आला की शेवटचा चांगला आकडाच दाखवत राहतात. रात्री वायर उंदराने कुरतडली, नंतर कॉम्प्रेसरही बंद पडला, तरी पडद्यावर सकाळपर्यंत ०.५ अंशच दिसतो. मोबाईलवर सूचना येत नाही. म्हणून आज्ञावली करून घेताना दोन अटी घालाव्यात. पहिली, अशक्य आकडा सरासरीत धरू नये. दुसरी, ठरावीक वेळेत, उदाहरणार्थ दहा मिनिटांत, नवा खरा आकडा आला नाही तर तेवढ्यावरूनही धोक्याची सूचना यावी.

बर्फाच्या पाण्याची चाचणी

हंगामापूर्वी प्रत्येक चिपची चाचणी घ्यावी. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

थर्मास किंवा झाकणाचे जाड भांडे घ्यावे. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक फोडून त्यात काठोकाठ भरावा. बर्फाच्या फटी भरतील एवढेच थंड पाणी ओतावे. बर्फ तरंगू लागल्यास पाणी जास्त झाले असे समजावे व थोडे काढून टाकावे. मीठ अजिबात घालू नये. पोलादी नळी मध्यभागी, तळाला व कडेला न टेकता ठेवावी. अधूनमधून ढवळावे व दहा-पंधरा मिनिटांनी आकडा लिहून घ्यावा. उणे ०.५ ते ०.५ च्या दरम्यान आकडा आल्यास चिप ठीक आहे. प्रत्येक चिपचा फरक वहीत क्रमांकासह लिहावा. नंतर नळी हाताच्या मुठीत धरावी. आकडा लगेच चढू लागला पाहिजे. तो जागचा हलला नाही तर आधीचे शून्य खोटे होते असे समजावे.

उकळत्या पाण्यावर चाचणी घेऊ नये. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. शिवाय द्राक्षाच्या खोलीला त्या टोकाची अचूकता उपयोगाची नाही. बाजारात हुबेहूब दिसणाऱ्या नकली चिपाही मिळतात. त्यांतील काही अशा चाचणीत सापडतात.

जोडणी व खरेदी

चिपला तिन्ही वायरी जोडाव्यात. दोन वायरींवर भागवण्याची सोय चिपमध्ये आहे, पण लांब अंतरावर तीत वीज अपुरी पडण्याचा संभव जास्त असतो. एकच मुख्य वायर खोलीभर फिरवून तिला जागोजागी आखूड फाटे द्यावेत. एका ठिकाणाहून चारी दिशांना लांब वायरी काढू नयेत. मोटारीच्या वायरींपासून ही वायर दूर ठेवावी. एक चिप पंख्याकडे परतणाऱ्या हवेत, एक दाराजवळ व एक पेटीच्या मध्यभागी घडात असावी.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. चिपचा नेमका क्रमांक कोणता? आपल्या संगणकाच्या कार्यप्रणालीत त्याच क्रमांकाच्या चिपसाठी ड्रायव्हर आहे काय? शून्याखालचे तापमान दाखवून द्याल काय? चिपची वायर काढली तर पडद्यावर काय दिसते? शेवटचा प्रश्न तोंडी न विचारता वायर काढूनच पाहावी.

संगणक किंवा कार्यप्रणाली बदलतानाही हीच काळजी घ्यावी. जुन्या ३२ बिट विंडोजसाठी लिहिलेले ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत. विंडोज १० ची नियमित देखभाल ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली असल्याने अनेक ठिकाणी संगणक बदलले जात आहेत. असा बदल काढणीच्या हंगामात करू नये. तो आधी करून, बर्फाची चाचणी पुन्हा घेऊन मगच खोलीत माल भरावा.

शेवटी, जुना काचेचा तापमापक फेकून देऊ नये. तो खोलीत टांगलेला असू द्यावा आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. दोहोंत एका अंशाहून जास्त अंतर पडले की त्याच दिवशी कारण शोधावे. वर्षभराच्या कष्टाचा माल त्या खोलीत असतो. त्याची राखण पडद्यावरील एकट्या आकड्यावर सोपवू नये.