छोटा हत्ती आणि पुण्याचा कचरा

कचऱ्याचं नाव वाचून लगेच पान उलटू नका! सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली, त्यामुळे मराठीत लिहिताना हात जरा अडखळतो. चुका पोटात घाला. पण विषय आपल्या गेटबाहेरचा आहे, आणि तो मराठीतच सुचला.

सकाळी सातला हॉस्टेलच्या गल्लीत घंटागाडी येते. आपण उशी कानावर घेतो आणि कूस बदलतो. एके दिवशी परीक्षेमुळे जागीच होते म्हणून खिडकीतून बघत बसले. ड्रायव्हरकाका गाडीच्या हौद्यात चढून सुका कचरा उचलून ओल्याच्या कप्प्यात टाकत होते. मला रागच आला. आम्ही दोन डबे ठेवायचे आणि यांनी सगळं एकत्र करायचं? मग कागद-पेन घेऊन हिशोब केला, आणि राग वेगळ्याच ठिकाणी गेला. तोच हिशोब इथे मांडते.

गाडी छोटीच का?

पेठांमधली एखादी साडेतीन मीटर रुंदीची गल्ली घ्या. दोन्ही बाजूंना स्कूटर भिंतीला लावून उभ्या केल्या, तर प्रत्येक बाजूचे साधारण ७० सेंटीमीटर जातात. उरले २.१ मीटर. कचऱ्याचा मोठा कॉम्पॅक्टर जवळपास अडीच मीटर रुंद असतो, म्हणजे तो गल्लीच्या तोंडाशीच थांबणार. टाटा एस मात्र दीड मीटर रुंद आहे. दोन्हीकडे फूटभर जागा ठेवून ती आरामात आत शिरते.

ही गाडी आपल्याच पिंपरीतली, बरं का! मे २००५ मध्ये ती बाजारात आली. गिरीश वाघ यांच्या टीमने ती बनवली. इंडिकाचं चार सिलिंडरचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन जणू मधोमध कापलं आणि दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं इंजिन तयार झालं. पाऊण टन माल नेणाऱ्या या गाडीला लोकांनी 'छोटा हत्ती' नाव दिलं. ती भाजी, फर्निचर, पाण्याचे जार यांसाठी होती. पुढे अनेक शहरांनी तिलाच कचऱ्याच्या कामाला लावलं.

आता हिशोब

वरचा पत्रा वाढवून हौदा २.१ मीटर लांब, १.४ मीटर रुंद आणि ०.९ मीटर उंच केला असं समजू. आकारमान झालं सुमारे २.६५ घनमीटर. पत्र्याचं आणि हायड्रॉलिकचं वजन वजा केलं तर कचऱ्यासाठी साधारण ५५० किलो उरतात असं धरू.

एका घरातून रोज ९०० ग्रॅम ओला आणि ६०० ग्रॅम सुका कचरा येतो असं माना. ओल्या कचऱ्याची घनता ४५० किलो प्रति घनमीटर धरू, सुक्याची १००. (विश्वास ठेवू नका, करून बघा! मेसच्या खरकट्याने २० लिटरची बादली भरा आणि वजन करा. नऊ किलोच्या आसपास भरायला हवं. तीच बादली रॅपर आणि बाटल्यांनी भरली तर दोन किलो.)

यातून काय निघतं बघा. एका घराचा ओला कचरा ०.००२ घनमीटर जागा घेतो आणि सुका ०.००६. वजनात ओला जास्त, पण जागेत सुका तिप्पट!

आता हौद्याच्या बरोबर मधोमध फळी टाकली, तर प्रत्येक कप्पा १.३२ घनमीटरचा. सुक्याचा कप्पा २२० घरांतच भरतो, तेव्हा ओल्याचा कप्पा जेमतेम एक तृतीयांश भरलेला असतो. पुढच्या २२१ व्या घराचा सुका कचरा ड्रायव्हरने कुठे टाकायचा? ओल्यात. दुसरी जागाच नाही. म्हणजे काका आळशी नव्हते, फळी चुकीच्या जागी होती.

तीच फळी सरकवून ओल्याला एक चतुर्थांश आणि सुक्याला तीन चतुर्थांश जागा द्या. दोन्ही कप्पे ३३० घरांनंतर एकदमच भरतात. एकूण वजन ४९५ किलो, म्हणजे मर्यादेत. खर्च? खाचांमध्ये सरकणारी एक फळी.

डेपोपर्यंत छोटीच नेली तर?

पुण्यात रोज दोन हजार टनांहून जास्त कचरा निघतो. उरुळी देवाची-फुरसुंगीचा डेपो शहराच्या मध्यापासून साधारण २० किलोमीटर. पाच टन कचरा छोट्या गाड्यांनी तिथे न्यायचा तर दहा खेपा, म्हणजे जाऊन-येऊन ४०० किलोमीटर. म्हणून रॅम्प असतात. छोटी गाडी रॅम्पवर चढते, खाली उभ्या मोठ्या गाडीत कचरा ओतते आणि परत गल्लीत जाते. मोठी गाडी एकच खेप करते, ४० किलोमीटर. छोटीचं काम गल्ली, मोठीचं काम हायवे.

पण हा नुसता डिझेलचा प्रश्न नाही. वर्षानुवर्षं आपला मिसळलेला कचरा त्या दोन गावांच्या उशाशी जाऊन पडला. विहिरींचं पाणी बिघडलं. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात ढीग साचले. आपल्याला वास आला तेव्हा कुठे त्यांचा वास कळला.

आणि मावशी?

इथे मला वाटतं आपण इंजिनिअर लोक घसरतो. गाडी आली की सगळं आलं असं आपल्याला वाटतं. पुण्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एका उद्योजकाने गाडीने कचरा न्यायचं ठरवलं, तेव्हा कचरावेचक बायकांनी त्या गाड्या अडवल्या होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: कागद, काच, पत्रा यांवर आमची चूल चालते, तो गाडीत गेला तर आम्ही काय खायचं? १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला.

म्हणजे पुण्याने एक साखळी बनवली. जिन्यापर्यंत मावशी आणि त्यांची ढकलगाडी, कोपऱ्यापर्यंत छोटा हत्ती, रॅम्पनंतर मोठी गाडी. छोटी गाडी कितीही छोटी असली तरी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. शिवाय मावशींनी विकण्यासारखा सुका माल आधीच बाजूला काढला, तर गाडीतल्या सुक्याची जागा कमी लागते. मग फळी पुन्हा सरकवावी लागेल! म्हणून ती पक्की वेल्ड करू नये, सरकती असावी.

आमच्या मजल्यावर येणाऱ्या मावशींना मी हा सगळा हिशोब मोठ्या उत्साहाने सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फळीचं तू बघ पोरी. पण तुम्ही पोरी पॅड उघडेच टाकता, ते मला हाताने वेगळे करावे लागतात. आधी त्याचं बघ." मला काही बोलताच आलं नाही. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, हे 'स्वच्छ'ने २०१७ मध्येच सांगितलं होतं. आमच्या बाथरूमबाहेर आता जुने पेपर आणि दोरीला बांधलेलं लाल स्केचपेन आहे. पहिल्या आठवड्यात पेन दोनदा गायब झालं, पण ठिपके दिसायला लागलेत.

तर शेवटी एवढंच. मेकॅनिकलच्या कोणाला मिनी प्रोजेक्टला विषय हवा असेल तर सरकती फळी घ्या. मेसच्या काकांनी खरकट्याचा डबा वेगळा ठेवावा, कारण त्यात एक प्लॅस्टिकची पिशवी गेली की गॅस प्लांटच्या कामाची वाट लागते. आणि बाकी सगळ्यांसाठी सर्वात स्वस्त प्रोजेक्ट म्हणजे तीन डबे: ओला, सुका, आणि कागदात गुंडाळलेला.

उद्या सकाळी सातला घंटा वाजली की एकदा उशी बाजूला ठेवून खिडकीतून बघा. फळी कुठे आहे ते मला येऊन सांगा!