तांबड्या मातीचे ऋण

वर्धा नदीच्या काठचे गाव असो वा कृष्णेच्या काठचे, जत्रेच्या दिवशी कुस्तीचा फड भरला की आबालवृद्धांची पावले आपोआप तिकडे वळतात. मल्ल शड्डू ठोकतात, अंगावर तांबडी माती घेतात आणि डावावर प्रतिडाव टाकू लागतात. अशाच मातीत वाढलेल्या एका मल्लाने स्वतंत्र भारताला ऑलिंपिक सामन्यांतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. त्यांचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे खेडे आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल होते. त्यामुळे कुस्तीचे पहिले धडे मुलाला घरीच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कुलात व पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी तालीम कधी चुकविली नाही. खाशाबा अंगाने ठेंगणे. परंतु त्यांची चपळाई विलक्षण होती. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत धरून त्याला खाली आपटणारा ‘ढाक’ हा डाव त्यांना उत्तम साधला होता.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांना गेले. तेथे कुस्ती मातीत नव्हे, तर गादीवर होती, आणि नियमही निराळे होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. या अपयशाने ते खचले नाहीत. उलट चार वर्षे त्यांनी अधिकच कसून मेहनत केली.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा प्रवासखर्चाचा प्रश्न उभा राहिला. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी जमविली. त्यांचे गुरू प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. शिष्याच्या कर्तृत्वावर केवढा हा विश्वास!

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना पराभूत केले. जपानच्या इशी यांच्याशी मात्र दीर्घ झुंजीनंतर त्यांना हार पत्करावी लागली. त्यानंतर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना पुन्हा लढण्यास सांगण्यात आले. हरकत घेण्यास तेथे कोणी भारतीय अधिकारी नव्हता. थकलेल्या शरीराने ते सोव्हिएत मल्लाशी लढले आणि हरले. तथापि बँटमवेट गटातील कांस्यपदक त्यांनी निश्चित केले होते.

ते परतले तेव्हा कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु सत्काराच्या जल्लोषात खाशाबा आपले ऋण विसरले नाहीत. त्यांनी कुस्त्यांचे सामने भरविले आणि त्यांतून जमलेल्या पैशातून गुरूंचे गहाण पडलेले घर सोडविले. परदेशात पदक जिंकणारा हा वीर घरी आल्यावर आधी कर्जातून मोकळा झाला. त्यांचा खरा मोठेपणा येथेच दिसून येतो.

१९५५ साली ते पोलीस खात्यात दाखल झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्काराचा मान त्यांना मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी लाभला. त्यांच्यानंतर दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक भारताला मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. आज त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

मुलांनो, पदक एकाच्या गळ्यात पडते; पण त्यामागे अनेकांचे हात असतात. ते हात जो विसरत नाही, तोच खरा विजयी होय.

शब्दार्थ
आबालवृद्ध – लहानथोर सर्व
ऐपत – पैशाची शक्ती
झुंज – निकराची लढत

स्वाध्याय
१. लंडन येथील कुस्ती खाशाबांना नवी का वाटली असेल?
२. प्राचार्य खर्डेकरांनी शिष्यासाठी काय केले?
३. ‘खाशाबांचा खरा मोठेपणा येथेच दिसून येतो,’ असे लेखक का म्हणतो?
४. वाक्यात उपयोग करा : हार पत्करणे, शड्डू ठोकणे.