घोंगडीचे छायाचित्र आणि ग्राहकाचा विश्वास

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा होय. त्याच्या अवर्षणप्रवण पठारी भागात दख्खनी मेंढ्यांचे पालन पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. या मेंढ्यांची भरड लोकर कातून खड्ड्याच्या मागावर विणावयाची आणि चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी पक्की करावयाची, ही परंपरागत रीत आहे. आठवडे बाजारात गिऱ्हाईक घोंगडी चाचपते, उजेडात धरते आणि मगच पैसे मोजते. भ्रमणध्वनीवरून दूरच्या शहरात माल विकताना ही सोय उरत नाही. तेथे छायाचित्रालाच हाताचे काम करावे लागते.

उजेडाची निवड

छायाचित्र घरच्या ओसरीत उत्तम निघते. भर उन्हात काळ्या सावल्या पडतात, तर फ्लॅशच्या झोताने वीण सपाट दिसते. सावलीत, दाराकडून एका बाजूने येणारा तिरपा उजेड घ्यावा. त्यात धाग्यांचा उठाव स्पष्ट होतो. घरातील दिवा मात्र मालवावा, अन्यथा दोन उजेडांच्या मिश्रणाने रंग पिवळट होतो.

काळ्या रंगाची अडचण

समोरचे दृश्य मध्यम उजळ आहे, असे कॅमेरा गृहीत धरतो. चौकट काळ्या घोंगडीने भरली की तो उजेड वाढवितो आणि काळी लोकर राखी भासते. उलट, पांढऱ्या चादरीवर मांडल्यास लोकर अतिकाळी होऊन वीण लोपते. यास्तव खाली गोणपाट किंवा सारवलेली जमीन असावी. पडद्यावरील घोंगडीवर बोट टेकवून उजेड कमी-जास्त करावा आणि चित्र प्रत्यक्ष मालाशेजारी धरून पडताळावे.

चार छायाचित्रे पुरेशी

पूर्ण घोंगडी, काठ, जवळून वीण आणि मोजपट्टीसह लांबी-रुंदी, एवढी चित्रे असावीत. नैसर्गिक लोकरीची छटा प्रत्येक नगात बदलते. म्हणून एकाच नमुन्याचे चित्र सर्वांसाठी वापरू नये. गाठ किंवा डाग असल्यास तोही दाखवावा. रंग खुलविणाऱ्या करामती टाळाव्यात.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 अन्वये जाहिरातीतील गुणधर्मांशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. जाण्या-येण्याचे भाडे बचत गटाच्या माथी बसले, तर एका नगावरील सारा नफा पुसला जातो. खरे चित्र हे म्हणूनच विणकराच्या मजुरीचे संरक्षण आहे.

या कामी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. ग्रामपंचायतीने कार्यालयाची ओसरी आठवड्यातून एक सकाळ उपलब्ध करून दिली आणि शाळेतील शिक्षकांनी गटातील दोन महिलांना हे तंत्र शिकविले, तरी गावाचा माल दूरच्या ग्राहकापुढे आपल्या खऱ्या रूपात उभा राहील.